एका ‘आणि’ची गोष्ट

कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवीन जालना. बोलताना आपण ‘जुन्या आणि नवीन जालन्यातली माणसं’ म्हणतो. डेटाबेसला असं विचारलंत तर यादी रिकामी येते, कारण एकच पत्ता दोन्हीकडे कसा असेल? तिथे ‘किंवा’ लागतो. जॉर्ज बूलने १८५४ च्या पुस्तकात हेच शब्द बीजगणितात बसवले होते.

२०२३ मध्ये याच जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत हे व्याकरण उपोषणाला पोचलं. ७ सप्टेंबरच्या शासन निर्णयात निजामकाळातल्या वंशावळीत कुणबी नोंद असलेल्या मराठ्यांना दाखला द्यायचं ठरलं. पडताळणीची पद्धत ठरवायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली. मनोज जरांगे अडून बसले ते ‘वंशावळ’ या शब्दावर. क्वेरी म्हणून वाचा: मराठा, आणि वंशावळीत कुणबी. त्यांना तो ‘आणि’च नको होता, कारण प्रत्येक ‘आणि’ने यादी आखडते. तो काढावा की ठेवावा, हा अर्थात राजकारणाचा प्रश्न.

कंसाचीही गंमत बघा. ओबीसी दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. ‘कुणबी किंवा मराठा-कुणबी किंवा कुणबी-मराठा आणि १९६७ पूर्वी’ असं एसक्यूएलमध्ये लिहिलंत तर ‘आणि’ आधी सुटतो, तारखेची अट फक्त शेवटच्या नावाला लागते. तिन्ही नावं कंसात हवीत.

हे झालं टाइप केलेल्या नोंदींचं. मोडी-उर्दू दप्तरांत ‘कुणबी’ आधी जाणकाराने डोळ्यांनी वाचायचा, मग फिल्टर.