मोहाची दारू आणि माणसाची नजर

मद्य मनुष्याची बुद्धी हरण करते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. परंतु बुद्धीचा नेमका कोणता भाग हरपतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. क्लॉड स्टील व रॉबर्ट जोसेफ्स ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली त्याचे मार्मिक उत्तर दिले. त्यांच्या मते मद्याने अवधान आकुंचित होते. समोरचे व ठळक तेवढे दिसते. दूरचे व सूक्ष्म ते निसटते. सोबत्याचे हास्य ऐकू येते, पण त्याच्या कपाळावरची आठी दिसत नाही.

हे तत्त्व यवतमाळ जिल्ह्याच्या इतिहासास लावून पाहण्याजोगे आहे. येथील गोंड समाजात मोहफुलांची दारू जन्म, विवाह, मृत्यू व देवकार्य ह्यांशी निगडित होती. देवास व पितरांस तिचे थेंब वाहण्याची रीत होती. तेथे नजर आकुंचित झाली तरी समोर आप्त व वडीलधारी मंडळी असत. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजी अमलाखाली आला. पुढे अबकारीच्या कायद्यांनी घरची भट्टी हा गुन्हा ठरला आणि दारू सरकारी मक्त्याच्या दुकानांत गेली. पूर्वीचे पिणे निर्दोष होते असे नव्हे. परंतु गुत्त्यात समोर उरला तो पेला आणि पेल्याचा सोबती. घरची चूल नजरेच्या कक्षेबाहेर गेली.

१९१९ साली सावनेर येथे वारलेल्या राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' त्याच वर्षी रंगभूमीवर आले. त्यातील सुधाकर कोर्टातील अपमान विसरण्यासाठी पेला उचलतो. सिंधूवरील त्याचे प्रेम खोटे नव्हते. तिचे दुःख मात्र त्याला वेळेवर दिसत नाही. नाटकाचे कारुण्य येथेच आहे.

सरकारने कायद्याने उपाय योजून पाहिले. मध्यप्रांत-वऱ्हाडचा दारूबंदी कायदा १९३८ साली झाला. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९७०च्या दशकापासून बंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली व २०२१ साली उठली. यवतमाळच्या स्त्रियांनीही बंदीची मागणी वारंवार केली आहे. राज्याच्या २००८ च्या आदेशानुसार गावातील निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी 'आडव्या बाटली'स मत दिल्यास दुकान बंद करता येते. ज्यांचे चेहरे पिणाऱ्यांच्या नजरेतून सुटले, त्यांच्याच हाती हा निर्णय आला, हे ह्या तरतुदीचे खरे महत्त्व होय.