सुखातला ‘ख’

घुग्घुससारख्या कोळशाच्या गावात ‘सुख’ हा शब्द उकलायला घेतला, तर तो थेट खाणीत उतरतो. ‘ख’ म्हणजे पोकळी, छिद्र. आकाशही ‘ख’, म्हणून त्यात फिरणारा तो खग. मोनियर-विल्यम्स यांचा १८९९चा संस्कृत-इंग्रजी कोश या ‘ख’चं नातं ‘खन्’ म्हणजे खणणे या धातूशी जोडतो. ‘खाण’ही त्याच घरची. चाकाच्या तुंब्यात आस जिथून जातो ते भोकही ‘ख’च. ते नीट, म्हणजे ‘सु’, कोरलेलं असेल तर रथ ‘सुख’. ऋग्वेदात हा शब्द रथाला विशेषण म्हणून लागतो. ‘सुस्थ’पासूनही काहीजण त्याची व्युत्पत्ती लावतात. ती व्याकरणाला सोयीची असेल, पण मला भोक कोरणाऱ्या सुताराचीच पटते.

कारण तिच्यात सुख ही आधी भावना नाहीच. ते कोरणाऱ्याच्या हाताचं काम आहे. धक्के न बसण्याचा लाभ मात्र रथात बसलेल्याचा. मराठीतही आपण सुख करत नाही, ते ‘मला’ लाभतं, ‘मला’ वाटतं.

मग सुख ही भावना की गुण, असं कुणी विचारलं तर ‘गुण’ही उकलावा लागतो. ‘गुण’ म्हणजे मुळात दोर, दोराचा पेड. सांख्य तत्त्वज्ञानाच्या ‘सांख्यकारिका’ या ग्रंथात ईश्वरकृष्ण तीन गुणांचं स्वरूप सांगतो ते असं: सत्त्वाचं प्रीती, म्हणजे सुखच, रजाचं अप्रीती, तमाचं विषाद. हे गुण म्हणजे आपले सद्गुण नव्हेत, हे खरं. पण गुण इकडे आणि भावना तिकडे, अशी वाटणी तिथे नाही. बोलीत तर औषधाचा गुण येतो, संगतीचा गुण लागतो. नुसता अंगी असून भागत नाही.

पोकळी नीट राखण्याचं काम खाणीतही असतं. भूमिगत खाणीत छताला आधार म्हणून कोळशाचे खांब सोडतात. ते काढले, तर पोकळी वाळूने भरण्याची पद्धत आहे. वर गाव असेल तर ही खबरदारी कुणासाठी, हे सांगायला नको. २६ ऑगस्ट २०२२ रोजी घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक घर जमिनीत गडप झालं. खाली जुनी खाण होती. घरातली माणसं वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली. शेजारच्यांनाही घरं सोडावी लागली. पायाखालचा ‘ख’ कसा आहे, हे आपल्या मनात डोकावून त्यांना कळण्यासारखं नव्हतं. आदल्या रात्री ती सगळी सुखाने झोपलीही असतील.