वळणावर बाईक झोपवली तरी इंजिनला ऑइल मिळतं, मग व्हीली मारताना का तुटतं? समजून घ्या ‘ऑइल स्टार्व्हेशन’ आणि त्यावरचे संपमधले बदल

रेसिंगचे व्हिडिओ बघताना एक प्रश्न कधी ना कधी पडतोच. ही माणसं ६० अंशांपर्यंत बाईक झोपवतात, गुडघा काय, कोपरसुद्धा रस्त्याला घासतं. मग इंजिनातलं ऑइल एका बाजूला जाऊन इंजिन कोरडं कसं पडत नाही?

उलट, सरळ रस्त्यावर पुढचं चाक उचलून व्हीली मारणाऱ्याचं इंजिन मात्र कधीकधी काही मिनिटांत कामातून जातं. स्टंट आणि ड्रॅग रेसिंग करणारे इंजिनच्या तळात बदल करून घेतात, ते यासाठीच. हे बदल नेमके काय असतात, कुणाला लागतात आणि आपल्यासारख्यांनी काय करायचं, ते बघूया.

ऑइल स्टार्व्हेशन म्हणजे काय?

बहुतेक फोर-स्ट्रोक बाईकमध्ये ऑइल इंजिनच्या तळाशी साठतं. या भागाला ‘संप’ म्हणतात. आपल्याकडे गॅरेजमध्ये ‘चेंबर’ हा शब्दही चालतो. संपच्या तळाजवळ एक नळी असते आणि तिच्या तोंडाला जाळी. हा झाला ‘पिकअप’. पंप इथून ऑइल ओढतो आणि क्रँक, कनेक्टिंग रॉड, कॅम या सगळ्यांकडे दाबाने पाठवतो.

उसाच्या रसाचा ग्लास तिरका केला आणि स्ट्रॉचं टोक उघडं पडलं, तर तोंडात रसाऐवजी हवा येते. पिकअपचंही तसंच होतं. ऑइल संपमध्ये असतं, पण पिकअपपाशी नसतं. पंप हवा ओढतो, दाब पडतो आणि बेअरिंगकडे जाणारं ऑइल तुटतं. याला म्हणतात ऑइल स्टार्व्हेशन, म्हणजे इंजिनची उपासमार.

एका सेकंदाने असा काय फरक पडतो?

मोठ्या बाईकच्या इंजिनांत क्रँक बऱ्याचदा साध्या, गुळगुळीत बेअरिंग शेलवर फिरतो. तिथे गोळ्या किंवा रोलर नसतात. क्रँक आणि शेल यांच्यामध्ये फक्त ऑइलचा थर असतो, तोही केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पातळ. हा थर टिकतो तो दाबाने येणाऱ्या ताज्या ऑइलवर.

१०,००० आरपीएमला क्रँक सेकंदाला सुमारे १६७ फेऱ्या मारतो. म्हणजे एक सेकंद ऑइल तुटलं, तर दीडशेहून जास्त फेऱ्यांपुरता नवा पुरवठा बंद. थर फाटला की धातूला धातू घासतो, शेल तापून वितळायला लागतं आणि रॉडचा ‘टक-टक’ आवाज सुरू होतो. पुढची पायरी म्हणजे इंजिन जाम. वेगात इंजिन जाम झालं की मागचं चाक लॉक होऊ शकतं. तेव्हा प्रश्न खर्चाचा उरत नाही, चालवणाऱ्याच्या जिवाचा होतो.

१०० ते १२५ सीसीच्या गाड्यांत क्रँकला सहसा बॉल आणि रोलर बेअरिंग असतात. ती थोडा वेळ कमी ऑइल सहन करतात. पण वरचा कॅम आणि पिस्टन त्यांच्याइतके सोशिक नसतात.

मग वळणावर काही का होत नाही?

लहानपणी पाण्याने भरलेली बादली हातात धरून गोल फिरवली असेल. बादली तिरकी होते, पण पाणी सांडत नाही. ते बादलीच्या तळालाच दाबून बसतं. बाईकचं हेच होतं. वळणावर बाईक झुकते, ती गुरुत्वाकर्षण आणि बाहेर फेकणारा जोर यांचा तोल साधण्यासाठी. या दोन्हींची बेरीज बरोबर बाईकच्या उभ्या रेषेत, म्हणजे संपच्या तळाकडे जाते. ४५ अंश झुकलेल्या बाईकमध्ये ऑइल एका बाजूला पळत नाही, उलट नेहमीच्या सुमारे १.४ पट जोराने तळाला दाबलं जातं. ६० अंशांवर हा आकडा दुप्पट होतो. चालवणारा अंग बाहेर काढतो आणि टायरलाही रुंदी असते, त्यामुळे काही अंशांचा फरक पडतो, पण तेवढा संप सहन करतो.

व्हीलीत अशी बेरीज जुळत नाही. पुढचं चाक हवेत गेलं की संप मागे कलतो आणि ऑइल मागच्या भिंतीकडे जातं. गाडी वेगही घेत असेल तर आणखीच मागे. जोरात ब्रेक दाबला किंवा मागचं चाक उचललं की ते पुढे धावतं. अशा वेळी पिकअप चुकीच्या टोकाला असेल तर तो उघडा पडतो. थोडक्यात, बाईकला आडवं वळण चालतं, पुढे-मागे बसणारा लांबलचक हिसका चालत नाही.

बाईकचं इंजिन कारमध्ये बसवलं की खरी पंचाईत

इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं फॉर्म्युला भारत, सुप्रा एसएईइंडिया अशा स्पर्धांसाठी छोट्या रेस कार बनवतात. तिथे इंजिन हमखास बाईकचंच असतं. आपल्याकडे अनेक संघ केटीएम ३९० चं इंजिन वापरतात, जे बजाजच्या पुण्याजवळच्या चाकण कारखान्यात बनतं. परदेशात होंडा सीबीआर६०० सारखी चार सिलिंडरची इंजिनं वर्षानुवर्षं वापरात आहेत.

गोची अशी की कार वळणावर झुकत नाही. बादली फिरते, पण सरळ उभी राहून. बाहेर फेकणारा जोर गुरुत्वाकर्षणाइतका, म्हणजे १ जी झाला की ऑइलची पातळी ४५ अंश तिरकी होते. २० सेंटिमीटर रुंद संपमध्ये एका कडेची पातळी दुसरीपेक्षा २० सेंटिमीटर वर जायला बघते. संप तेवढा खोल नसतोच. मग ऑइल एका भिंतीला चढतं आणि दुसरी बाजू कोरडी पडते.

या स्पर्धांत ‘स्किडपॅड’ नावाची चाचणी असते. गाडीला इंग्रजी आठच्या आकारात, एका बाजूने सलग दोन आणि मग दुसऱ्या बाजूने दोन फेऱ्या माराव्या लागतात. चांगल्या गाडीची एक फेरी साधारण पाच सेकंदांची, म्हणजे सलग दहा सेकंद ऑइल एकाच भिंतीला. साइडकार जोडलेल्या रेसिंग बाईकचंही दुखणं हेच, कारण तीही झुकत नाही.

संपमध्ये नेमके कोणते बदल करतात?

१. बॅफल: संपमध्ये पातळ पत्र्याचे पडदे बसवून त्याचे कप्पे करतात. पडद्यांच्या खाली छोटी भोकं असतात. ऑइल कप्प्यातून कप्प्यात जातं, पण एकदम लोंढ्यासारखं पळत नाही. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी करायचा बदल हाच.

२. झडपा: पिकअपभोवती चौकोनी खोकं करून त्याला एकाच दिशेने उघडणाऱ्या बिजागरीच्या झडपा लावतात. ऑइल पिकअपकडे येताना झडप उघडते, परत निघालं की मिटते.

३. पिकअपची जागा बदलणं: ऑइल जिकडे जातं तिकडे पिकअप नेणं. ड्रॅग रेसिंगमध्ये जोर कायम मागे असतो, म्हणून पिकअपही मागे. जाळी आणि तळ यांच्यात साधारण ६ ते १० मिलिमीटर जागा ठेवतात. फार जवळ नेला तर ऑइल ओढता येत नाही, फार वर ठेवला तर लवकर उघडा पडतो.

४. खोल किंवा मोठा संप: ऑइल जास्त मावतं, पिकअप बुडालेला राहतो. पण बाईकचं पोट जमिनीजवळ येतं. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर संप फुटला तर सगळंच ऑइल रस्त्यावर.

५. दाबाची राखीव टाकी: वेगळ्या सिलिंडरमध्ये दाबाखाली ऑइल साठवतात. मुख्य दाब पडला की ते काही सेकंद पुरवठा करतं.

६. ड्राय संप: ऑइल तळात ठेवायचंच नाही. एक पंप तळातलं ऑइल उपसून वेगळ्या उंच टाकीत टाकतो, दुसरा तिथून इंजिनला देतो. हा सगळ्यात खात्रीचा आणि सगळ्यात खर्चिक उपाय. कल्पना मात्र नवी नाही. रॉयल एनफिल्डच्या जुन्या, कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेटमध्येही ऑइलचा वेगळा कप्पा होता, भरणारा आणि उपसणारा असे दोन पंप होते.

‘जास्त ऑइल टाकलं की झालं’ हे कितपत खरं?

स्टंट करणारे काही जण थोडं जास्त ऑइल भरतात. पण पातळी फार वाढली की फिरणारा क्रँक त्यात आपटतो आणि ताकासारखं घुसळून फेस करतो. फेस म्हणजे हवाच, आणि पंप तोच बेअरिंगला पाठवतो. शिवाय ऑइल ब्रीदरमधून एअर फिल्टरपर्यंत पोचतं, सीलवर ताण येतो. ज्या दुखण्यावर औषध म्हणून ऑइल वाढवलं, तेच दुखणं वेगळ्या वाटेने परत येतं.

बदल करणार असाल तर

आधी मोजा, मग वेल्डिंग करा. डॅशबोर्डवरचा लाल दिवा साध्या दाबाच्या स्विचवर चालतो. दाब अगदी तळाला गेल्यावरच तो पेटतो, तोवर इजा सुरू झालेली असू शकते. ऑइल प्रेशरचा सेन्सर लावून वळण, ब्रेक आणि वेग घेताना दाब कुठे पडतो, त्याची नोंद घ्या. दाब पडतच नसेल तर बदलाची गरजच नाही.

वेल्डिंगच्या उष्णतेने संपची गॅस्केटची बाजू वाकू शकते. ती सपाट आहे का, ते तपासा. धातूचा एकही कण आत राहता कामा नये. आतले स्क्रू थरथरीने सुटणार नाहीत अशी सोय करा. सुटलेला बॅफल हा ऑइल स्टार्व्हेशनपेक्षा वाईट. रस्त्यावरच्या नव्या गाडीत असा बदल केला तर वॉरंटीवर पाणी सोडावं लागू शकतं, हेही लक्षात ठेवा.

रोज ऑफिसला जाणाऱ्याने काय करायचं?

संपला हात लावायची गरज नाही. घाटातल्या चढाचीही भीती नको. १० टक्के चढ ऐकायला मोठा वाटतो, पण तो सहा अंशांहून कमी असतो. रोजच्या गाडीत ऑइल तुटण्याचं नेहमीचं कारण एकच, ते म्हणजे ऑइल कमी असणं. संप अर्धा रिकामा असेल तर साधा ब्रेकसुद्धा पिकअप उघडा पाडू शकतो.

- गाडी सपाट जागी सरळ उभी करून पातळी बघा. साइड स्टँडवर आकडा चुकतो. डिपस्टिक फिरवून बघायची की नुसती टेकवून, ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.
- जुनी गाडी ऑइल खात असेल तर पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका, मधे टॉप-अप करा.
- पातळी वरच्या आणि खालच्या खुणेच्या मधे ठेवा, वरच्या खुणेपलीकडे नको.
- गाडी आडवी पडली आणि इंजिन चालूच असेल, तर आधी किल स्विच दाबा. आडव्या पडलेल्या गाडीत बादलीचा नियम चालत नाही, ऑइल बाजूला गेलेलं असतं.
- चालताना ऑइलचा लाल दिवा लागला तर ‘घरापर्यंत जाऊ’ म्हणू नका. क्लच दाबा, गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा.

व्हीली मारणाऱ्याला, ड्रॅग रेसरला आणि रेस कार बनवणाऱ्या संघाला बॅफल लागतो, कारण त्यांची गाडी ज्यासाठी बनली नाही ते काम ते तिच्याकडून करून घेतात. बाकीच्यांनी महिन्यातून दोनदा ऑइलची पातळी बघितली, तरी बहुतेक इंजिनं वाचतील.