अंतरींची हाक आणि रेव्हरंड टिळक

मुंबईहून नाशिकास जाणारी आगगाडी कसाऱ्यास आली कीं तिला जादा इंजिनांचें साहाय्य घ्यावें लागतें; कारण पुढें थळ घाटाचा ३७ फुटांस १ फूट असा चढ आहे. १ जानेवारी १८६१ रोजीं लोहमार्ग कसाऱ्यापर्यंत आला. इगतपुरी गांठावयास मात्र आणखी चार वर्षें लागलीं. त्याच १८६१ सालीं, ६ डिसेंबर रोजीं, नारायण वामन टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं झाला. त्यांचें आरंभींचें शिक्षण कल्याणास, तर पुढील संस्कृताचें अध्ययन नाशिकास झालें. घाटाच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन्ही मुलूख त्यांच्या परिचयाचे होते. त्यांचा धर्मप्रवासहि असाच, सुरू लवकर झालेला, पण चढ संथपणें चढलेला, असें आम्हांस वाटतें.

१८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत त्यांची अर्नेस्ट वॉर्ड या मिशनऱ्याशीं गांठ पडली. वॉर्ड यांनीं त्यांस नवा करार दिला आणि दोन वर्षांच्या आंत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असें भाकीत केलें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लोक या गोष्टींतील भाकीत तेवढें लक्षांत ठेवतात. मधला काळ विसरतात. वस्तुतः खरें महत्त्व त्या मधल्या काळाचें आहे. डोंगरावरील प्रवचनानें मन वेधलें, तरी टिळकांनीं उडी घेतली नाहीं. वाचन, विचार आणि प्रार्थना यांच्या कसोटीवर ती हाक त्यांनीं घांसून पाहिली. क्षणिक उमाळा आणि ईश्वरी प्रेरणा यांतील भेद काळच दाखवितो.

परंतु एकाच्या कानीं आलेली हाक घरांतील दुसऱ्यास ऐकूं येतेच असें नाहीं. पतीच्या धर्मांतरानें लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलें. ताटातुटीचीं तीं वर्षें त्यांनीं ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रांत विलक्षण निर्मळ मनानें सांगितलीं आहेत. पुढें पतीजवळ राहावयास आल्यावरहि त्यांनीं आपले आचार लगेच टाकले नाहींत. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःची खात्री पटल्यावर. टिळकांची निष्ठा मोठी खरी. पण तिचें मोल दुसऱ्या कोणीं तरी दिलें, हें विसरून त्यांचा गौरव करणें आम्हांस अन्यायाचें वाटतें.

ख्रिस्ती झाल्यावर टिळकांचें ऐकणें संपलें नाहीं. अभंग आणि कीर्तन यांच्या द्वारें ते ख्रिस्ताची भक्ति मराठी मनापर्यंत नेऊं लागले. १९१७ सालीं तर त्यांनीं अमेरिकन मराठी मिशनची नोकरीच सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापण्याचा संकल्प केला. बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसहि त्यांत स्थान होतें. पूर्वी स्वजनांस दुरावून ज्या हाकेमागें ते गेले, तिच्याचसाठीं आतां त्यांनीं पगाराचा आधारहि सोडला. आपल्या सोयीच्या विरुद्ध जाणारी आज्ञाहि जो मानतो, त्याच्याच शिष्यत्वावर आमचा विश्वास बसतो.

९ मे १९१९ रोजीं टिळक वारले. ‘ख्रिस्तायन’ हें त्यांचें महाकाव्य अपुरें राहिलें. तें पुढें लक्ष्मीबाईंनीं पूर्ण केलें.