कोच बदलला म्हणून जिंकले? पिट्सबर्ग पेंग्विन्सचा २००८-०९ चा मोसम

इतिहासात 'कारण' कशाला म्हणायचं, हा आपला चालू विषय. आज उदाहरण घेतलंय ते आइस हॉकीचं, आणि समोरच्या काही चेहऱ्यांवर प्रश्नचिन्ह दिसतंय. आम्ही स्वतः आयुष्यात कधी बर्फावर उभे राहिलेलो नाही, तेव्हा खेळातले जाणकार म्हणून बोलत नाही. पण लढाया किंवा राज्यक्रांत्या घेतल्या की आपण आधीच कुणाच्या तरी बाजूचे असतो. पिट्सबर्गच्या संघाबद्दल या सभागृहात कुणाला माया नाही, कुणाचा राग नाही. शिवाय कोण कधी खेळलं, कोण जखमी होतं, निकाल काय लागला, हे सगळं तारखेनिशी नोंदलेलं असतं. इतकी चोख कागदपत्रं इतिहासकाराच्या वाट्याला एरवी येत नाहीत.

खेळाची तोंडओळख दोन वाक्यांत. एका बाजूनं गोलरक्षक धरून सहा जण बर्फावर असतात, चेंडूऐवजी पक नावाची रबराची चकती असते, आणि अमेरिका-कॅनडाच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये २००८-०९ च्या सुमारास प्रत्येक संघ मोसमात ८२ सामने खेळत असे. विजयाला दोन गुण, जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरलात तर एक. पूर्व आणि पश्चिम अशा दोन विभागांतले पहिले आठ-आठ संघ तेव्हा प्लेऑफमध्ये जात आणि तिथून स्टॅन्ली कपसाठी झुंजत.

आता कथा. २००८ च्या उन्हाळ्यात पिट्सबर्ग पेंग्विन्स अंतिम फेरीत डेट्रॉइटकडून हरले. संघ तरुण होता. सिडनी क्रॉस्बी, येवगेनी माल्किन, गोलरक्षक मार्क-आंद्रे फ्लरी, सगळे पंचविशीच्या आतले. कोच होते मिशेल तेरियन. डिसेंबर २००५ मध्ये हा माणूस आला तेव्हा संघ तळाशी होता. त्या मोसमात मिळाले ५८ गुण. पुढच्या मोसमात १०५. त्यापुढच्या मोसमात थेट अंतिम फेरी. कडक शिस्तीचे, तोंडानं फटकळ. आल्या आल्या महिन्याभरातच पत्रकारांसमोर स्वतःच्याच बचावपटूंची त्यांनी जाहीर खरडपट्टी काढली होती.

नवा मोसम सुरू व्हायच्या आधीच घसरगुंडी लागली. मॅरियन होसा हा बिनीचा खेळाडू संघ सोडून गेला, तोही ज्यांनी हरवलं त्या डेट्रॉइटकडेच. रायन व्हिटनी या बचावपटूच्या पायावर ऑगस्टमध्ये शस्त्रक्रिया झाली; तो परतला डिसेंबर संपत आल्यावर. आणि सप्टेंबरच्या सराव सामन्यात सर्गेई गोंचारचा खांदा गेला. शस्त्रक्रिया, आणि महिनोन्‌महिने बाहेर.

या गोंचारपाशी जरा थांबायला हवं. आदल्या मोसमात बचावपटू असूनही त्याच्या नावावर १२ गोल आणि ५३ गोलसाहाय्य होती. प्रतिस्पर्ध्याचा एखादा खेळाडू शिक्षा म्हणून दोन मिनिटं बाहेर बसवला की तुमच्याकडे एक माणूस जास्त होतो. याला पॉवर प्ले म्हणतात. त्या दोन मिनिटांत मागे उभं राहून, कुणाला पक द्यायचा आणि कधी द्यायचा हे ठरवणारा माणूस म्हणजे गोंचार. लग्नघरात एखादे काका असतात बघा, स्वतः धावपळ करताना दिसत नाहीत, पण ते आजारी पडले की पंगत बसतच नाही. तसा तो. गोल करणारे सगळ्यांच्या लक्षात राहतात. असा माणूस गैरहजर असतो तेव्हाच लक्षात येतो.

सुरुवात तरीही बरी झाली. ११ नोव्हेंबरला तर डेट्रॉइटला त्यांच्याच रिंकवर ७-६ असं हरवलं. पण लगेच फ्लरी जायबंदी झाला आणि महिनाभर गोलरक्षणाला दुसरा माणूस. डिसेंबर-जानेवारीत संघ गडगडला. १४ फेब्रुवारी २००९, शनिवार, टोरांटो: ६-२ असा पराभव. ५७ सामन्यांत २७ विजय, २५ पराभव आणि जादा वेळेतले ५ पराभव. पूर्व विभागात दहावा क्रमांक, आठव्यापेक्षा पाच गुण मागे. दुसऱ्या दिवशी, रविवारी, महाव्यवस्थापक रे शेरो यांनी तेरियनना काढलं. विल्क्स-बॅरे इथल्या दुय्यम संघाला शिकवणारे डॅन बायल्स्मा यांना बोलावून घेतलं. वय ३८. तेरियनही २००५ मध्ये याच विल्क्स-बॅरेहून, असंच मोसमाच्या मध्यावर, दुसऱ्याच्या खुर्चीत आले होते.

पुढचं जगजाहीर आहे. उरलेल्या २५ सामन्यांत १८ विजय, ३ पराभव, जादा वेळेतले ४. एकूण ९९ गुण, विभागात चौथा क्रमांक. मग फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन, कॅरोलायना यांना हरवत अंतिम फेरी, समोर पुन्हा डेट्रॉइट. १२ जून २००९ रोजी सातव्या सामन्यात २-१ असा विजय आणि स्टॅन्ली कप. होसा बिचारा लागोपाठ दोन वर्षं अंतिम फेरीत हरला, दोन वेगवेगळ्या संघांकडून.

वृत्तपत्रांनी आणि नंतरच्या पुस्तकांनी यातून जे वाक्य काढलं ते असं: कोच बदलला आणि संघ जिंकला. या 'आणि'चा 'म्हणून' कधी होतो ते वाचणाऱ्याला कळतही नाही. आपल्याकडे म्हण आहेच, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. संस्कृतात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. युरोपात ह्यूमनं यावर बरंच डोकं शिणवलं, पण आमच्या मते या मोसमासाठी नैयायिकांचं हत्यार जास्त धारदार आहे. ते म्हणतात, कार्याच्या आधी नेहमी असणं एवढ्यानं कुणी कारण ठरत नाही. ते 'अन्यथासिद्ध'ही असता कामा नये. म्हणजे, जे वगळूनही कार्याचा उलगडा होतो, ते कारण नव्हे. विश्वनाथाच्या 'भाषापरिच्छेदा'त याची उदाहरणं आहेत. घट तयार झाला; माती वाहून आणणारं गाढव आधी होतं खरं, पण ते घटाचं कारण नाही. कुंभाराचा बापही नाही, जरी त्याच्याशिवाय कुंभार जन्माला आला नसता.

मग बायल्स्मा हे कुंभार की गाढव? हसू नका, प्रश्न गंभीर आहे. एका माणसाची नोकरी गेली आणि दुसऱ्याचं नाव चांदीच्या कपावर कोरलं गेलं, ते याच प्रश्नाच्या उत्तरावर.

टोरांटोच्या त्या शनिवारच्या सामन्यात एक गोष्ट घडली होती, ती आम्ही मुद्दाम मागे ठेवली. पहिले ५६ सामने बाहेर बसलेला सर्गेई गोंचार त्याच सामन्यात परतला. शनिवारी गोंचार आला, रविवारी तेरियन गेले. गोंचार त्या मोसमात साखळीचे २५ सामने खेळला. बायल्स्मांनी सांभाळले तेही २५, आणि ते जवळजवळ सगळे तेच. तर्कशास्त्रात अन्वय-व्यतिरेक शिकवतो आपण: हे असताना ते आहे का, हे नसताना ते नाही का. इथे दोन कारणं एकाच आठवड्याअखेरीस हातात हात घालून दारात उभी राहिली. व्यतिरेक काढणार कसा?

दोघांना वेगळं पाडणारे सामने शोधले तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सापडतात. जुना कोच आणि गोंचार हजर, असा सामना एकच: टोरांटोचा, आणि तो ६-२ असा हरला. पण पाच महिन्यांनी परतलेल्या माणसाच्या पहिल्या सामन्यावरून काय ठरवणार? नवा कोच आणि गोंचार गैरहजर, असे मोक्याचे सामने दोन. मे महिन्यात वॉशिंग्टनविरुद्धच्या चौथ्या सामन्यात ओव्हेचकिनच्या धडकेनं गोंचारचा गुडघा दुखावला आणि पाचवा-सहावा सामना त्याला हुकला. पाचवा पिट्सबर्ग जादा वेळेत ४-३ नं जिंकलं, सहावा जादा वेळेत ५-४ नं हरलं. सातव्याला गोंचार परतला, ६-२ नं जिंकलं. एवढ्या पुराव्यावर कुणी 'बघा, सगळं गोंचारमुळेच' असं म्हणू लागला तर त्यालाही आम्ही तेच सांगू, कावळा आणि फांदी.

बरं, कारणं दोनच असती तरी चाललं असतं. २६ फेब्रुवारीला व्हिटनीला अनाहाइमकडे देऊन क्रिस क्युनिट्झला आणलं. ४ मार्चला न्यूयॉर्क आयलंडर्सकडून बिल गेरिन आला, वय ३८, म्हणजे कोच आणि खेळाडू एकाच वयाचे! क्रॉस्बीच्या दोन्ही बाजूंना हे दोघे उभे राहिले आणि पहिली फळी बदलून गेली. आता गंमत पाहा, व्हिटनीसारखा बचावपटू देऊन टाकणं परवडलं ते गोंचार परतला म्हणून, असं आम्हाला वाटतं. म्हणजे कारणं नुसती शेजारी उभी नाहीत, एकमेकांच्या पोटात शिरलेली आहेत.

यावर अर्थशास्त्रज्ञांनीही काम केलं आहे. बास टेर वील या डच अभ्यासकानं १९८६ ते २००४ मधल्या नेदरलँड्सच्या व्यावसायिक फुटबॉलची आकडेवारी तपासली. प्रशिक्षक हाकलल्यावर संघांची कामगिरी सुधारते, हे खरं निघालं. पण तितकेच गाळात गेलेले आणि तरीही प्रशिक्षक न बदलणारे संघ त्यानं शेजारी ठेवले, तर तेही साधारण तसेच सुधारले. तळाला गेलेलं बहुधा थोडं वर येतंच. ताप सर्वांत चढलेला असताना आपण वैद्य बदलतो, आणि उताराचं श्रेय नव्याला देतो. शिवाय स्मरणशक्तीही निवडक असते. मोसमाच्या मध्यात आलेल्या कोचनं कप जिंकल्याची उदाहरणं सगळ्यांना पाठ असतात: १९७१ चे मॅकनील, २००० चे रॉबिन्सन. मध्यात आले आणि काहीच झालं नाही, अशांची यादी कुणी ठेवत नाही.

जखम आणि कोचबदल यांचा सगळ्यांत निखळ प्रसंग मात्र जुना आहे, विषयांतर करून सांगतोच. ७ एप्रिल १९२८, अंतिम फेरीचा दुसरा सामना. न्यूयॉर्क रेंजर्सच्या गोलरक्षकाच्या डोळ्याला पक लागला, राखीव गोलरक्षक नव्हता. मग ४४ वर्षांचे कोच लेस्टर पॅट्रिक स्वतःच पॅड बांधून गोलात उभे राहिले, आणि रेंजर्स जादा वेळेत २-१ नं जिंकले. तिथे कोचनं काय केलं हा प्रश्न उरतच नाही. पक त्यांच्या अंगावर आपटत होता.

तर पिट्सबर्गबद्दल आमचं मत काय? बायल्स्मांनी काहीच केलं नाही असं आम्ही म्हणत नाही. तेरियनांच्या सावध, मागे थांबणाऱ्या खेळाऐवजी त्यांनी संघाला पुढे जाऊन दबाव टाकायला लावलं, आणि ते सामन्यांत दिसत होतं. एकच रागीट आवाज तीन वर्षं ऐकून कान बधिर होतात, हे आम्हा शिक्षकांना कुणी सांगायला नको. पण पुढे जाऊन खेळायचं तर मागून पक नेमका पोचवणारा माणूस लागतो. तो माणूस तेरियनांकडे ५६ सामने नव्हता आणि बायल्स्मांकडे पहिल्या दिवसापासून होता. त्याच्याशिवाय ही पद्धत चालली असती का, याचं उत्तर नोंदींत नाही. आणि तेरियनना कुंभाराच्या बापाच्या रांगेत बसवणं तर आम्हाला साफ नामंजूर आहे. माती त्यांनी मळली होती. चाक फिरवत असताना त्यांना उठवलं गेलं, एवढंच.

शेवटच्या सामन्याचा शेवटचा सेकंदही याच पंक्तीत बसवा. क्रॉस्बी गुडघा दुखावून जवळजवळ बाहेरच बसलेला, दोन्ही गोल मॅक्स टॅल्बटचे, आणि घड्याळ संपताना लिडस्ट्रॉमचा फटका. फ्लरीनं आडवी झेप घेऊन तो अंगावर झेलला. वीतभर इकडेतिकडे झालं असतं तर जादा वेळ, आणि कदाचित आजचं व्याख्यान 'कोच बदलूनही हरले' या नावानं झालं असतं.

पुढचं थोडक्यात. बायल्स्मांना त्यानंतर पाच मोसमांत अंतिम फेरी दिसली नाही. जून २०१४ मध्ये त्यांनाही काढलं. डिसेंबर २०१५ मध्ये पिट्सबर्गनं पुन्हा मध्यावर कोच बदलला, माईक सलिव्हन, तेही विल्क्स-बॅरेहूनच. पहिले चार सामने हरले आणि त्याच मोसमात कप जिंकला. तेरियन? ते माँट्रियलचे कोच झाले. २००३ मध्ये याच माँट्रियलनं त्यांना काढून क्लॉड जुलिएनना आणलं होतं. २०१७ मध्ये पुन्हा तेच, पुन्हा जुलिएनच. तारीख १४ फेब्रुवारी. त्या दिवशी माँट्रियल आपल्या गटात पहिल्या क्रमांकावर होतं. नवा कोच आला, आणि प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत संघ बाहेर पडला.

एक चिठ्ठी आली आहे: "सर, मग शेरोंनी तेरियनना काढायला नको होतं का?" चांगला प्रश्न आहे. आमचं उत्तर, काढलं ते चूक नव्हतं. त्यांच्या हातात २५ सामने होते, गोंचारचा खांदा कितपत बरा झालाय हे कळायला वेळ नव्हता, आणि वाट पाहणं हाही एक निर्णयच असतो. पण निर्णयाचं समर्थन वेगळं आणि निकालाचं कारण वेगळं. शेरोंना १५ फेब्रुवारीला पहिलं हवं होतं, दुसरं आपण इथे शोधतोय. नव्या कोचचा पहिला सामना १६ तारखेला आयलंडर्सशी झाला. तो पिट्सबर्ग शूटआउटमध्ये ३-२ नं हरलं. दुसरी एक चिठ्ठी आहे, अक्षर लागत नाहीये. ज्यांनी लिहिली त्यांनी जरा पुढे या.