नाव कोण ठेवणार?



पाचगणीच्या एका शिबिरात वाद झाला: 'तृतीयपंथी' म्हणायचं की 'पारलिंगी'? एक कार्यकर्ता म्हणाला, "आपल्या भागात 'जोगता' शब्द आहेच, 2019 च्या कायद्यातही आहे." आहे. पण जोगता म्हणजे यल्लमाला सोडलेला मुलगा. प्रत्येक जोगता पारलिंगी नसतो. जून 1936 मध्ये मुंबईत जोगतिणी, मुरळ्या, पोतराजांच्या सभेत बाबासाहेबांनी हे लादलेलं जिणं सोडा, असंच सांगितलं होतं.

1938 मध्ये मुंबई विधानसभेत काँग्रेसच्या बहुमतानं 'हरिजन' हे नाव लादलं, तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभात्याग करून बाहेर पडले. प्रश्न शब्द गोड की कडू हा नव्हता. नाव ठेवण्याचा अधिकार कोणाचा, हा होता.

2014 च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. 2019 च्या कायद्यानं मात्र त्यावर जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या दाखल्याची अट घातली. शिबिरात आपणही तेच करत होतो: ज्यांची ओळख, त्यांना न विचारताच शब्द ठरवत होतो.

कुणी स्वतःला जोगता म्हणवत असेल, तर तो त्या व्यक्तीचा हक्क. आपण चिकटवायचं नाही. 'हरिजन' नाकारणाऱ्यांच्या वारसांनी आधी विचारावं: तुम्हाला काय म्हणू?