कीचकवध आणि विराटाची सभा



पौराणिक नाटक म्हणजे चार घटकांची करमणूक, असे कित्येकांस वाटते. तसे असते तर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० साली सरकारने बंदी घातली नसती. विराटपर्वातील एका कथेचा साम्राज्याने इतका धसका का घ्यावा?

लॉर्ड कर्झन १८९९ ते १९०५ या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांनी केलेली बंगालची फाळणी सर्वश्रुत आहे. परंतु वऱ्हाडचा अनुभव तिच्याही आधीचा. १८५३ पासून इंग्रजी अंमलाखाली असलेला हा प्रांत कर्झनसाहेबांनी १९०२ साली निजामाकडून सालीना २५ लक्ष रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतला. आज वाशीम जिल्ह्यात असलेले जऊळका काय किंवा त्याच्या भोवतालची खेडी काय, त्या करारात सारी एकाच दावणीस बांधली गेली. रयतेस कोणी विचारले नाही. द्यूताच्या पटावर लावलेल्या द्रौपदीस तरी कोणी विचारले होते?

१९०७ साली महाराष्ट्र नाटक मंडळीने ‘कीचकवध’ रंगभूमीवर आणले. कीचकात कर्झन, सैरंध्रीत मातृभूमी, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल, हे रूपक प्रेक्षकांनी तत्काळ ओळखले. त्याच वर्षाच्या अखेरीस सुरतेस काँग्रेसमध्ये या दोन पक्षांची फूट पडली. खाडिलकर हे ‘केसरी’तील टिळकांचे सहकारी, आणि बंदी आली तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. नाटकांवर बंदी घालण्याचा कायदा १८७६ पासून सरकारच्या हाती होताच. मौज अशी की, नाटकात कर्झनचे नाव कोठेही नव्हते. कीचकाचे सोंग बंद करताना सरकारने जणू ते साम्य स्वतःच कबूल केले!

तथापि या कथेचे मर्म एकट्या कीचकाच्या दुष्टपणात नाही. व्यासांच्या कथेत तो सैरंध्रीस भर सभेत लाथ मारतो, आणि राजा विराट त्यास शासन करीत नाही. कारण सिंहासन विराटाचे असले तरी बळ सेनापतीच्या मुठीत आहे. पुढे भीम कीचकास ठार करतो. मग तरी न्याय होतो काय? कीचकाचे भाऊबंद सैरंध्रीस त्याच्या प्रेताबरोबर जाळावयास निघतात, आणि भयभीत विराट त्यासही संमती देतो! भीम पुन्हा धावला म्हणून ती वाचते. आणि अखेर तिलाच नगर सोडून जाण्याची आज्ञा होते.

अन्यायी पुरुष मेला, तरी त्याला पोसणारे भय सभेत जिवंत राहिले. सत्तेविषयी या कथेने सांगितलेली सर्वांत कठोर गोष्ट हीच होय. १९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनने महाभारत घरोघर पोहोचविले. आज तर कल्पित राज्यांच्या आणि सिंहासनांच्या मालिकांना अंत नाही. त्या पाहताना आपली दृष्टी सहजच खलपुरुषावर खिळते. ती क्षणभर दरबारातील इतर आसनांकडे वळवावी. तेथे मान खाली घालून बसलेली माणसे बहुधा आपल्या ओळखीची निघतील.